हातात एक सिलिंडर घेऊन तो बॉम्बकडे का धावला?

गणपतीच्या तयारीची बैठक आटपून बाड्यावरून (आमच्या ग्वाल्हेरच्या मुख्य चौकातून) घरी निघालो होतो, तेव्हा ओळखीतल्या एका मुलाने मला थांबवलं. वायुसेनेत अग्निवीरवायू म्हणून त्याची निवड झाली आहे. त्याने मोबाइलवर एक जुनी चित्रफीत दाखवली. अमेरिकेच्या विमानवाहू जहाजाच्या डेकवर विमानं जळताहेत, माणसं मागे सरताहेत आणि एकच माणूस हातात छोटं सिलिंडर घेऊन आगीकडे धावतोय. काही क्षणांत स्फोट होतो. "काका, हा वेडेपणा नव्हता का? एवढ्याशा सिलिंडरने काय होणार होतं?" आणि लगेच दुसरा प्रश्न, तो त्याच्या आईचा: "तू तर मेकॅनिक होणार. उडणार थोडाच आहेस? मग तुला कसला धोका?"

ही उत्तरं उभ्या उभ्या देता येण्यासारखी नव्हती. लिहून देतो म्हणालो, ते हे. माझं ट्रेड इंजिन फिटरचं. वायुसेनेत एकतीस वर्षं काढून वॉरंट ऑफिसर म्हणून बाहेर पडलो आणि ग्वाल्हेरला, म्हणजे माझ्याच गावी, परत आलो. पणजोबांच्याही आधीची पिढी शिंद्यांच्या लष्कराबरोबर इथे आली. १९८५ साली महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर मिराज लढाऊ विमानं आली तेव्हापासून त्यांचा आवाज या शहराच्या कानात आहे. वर पाहणारे पुष्कळ असतात. त्या विमानाखाली रात्रभर पाठीवर पडून कुणीतरी काम केलेलं असतं, हे मात्र फार थोड्यांच्या मनात येतं. म्हणून तुझा प्रश्न मला आवडला. तू खालच्या माणसाबद्दल विचारलंस.

तू पाहिलेलं जहाज फॉरेस्टल. २९ जुलै १९६७, सकाळचे पावणेअकरा वाजून गेलेले, जागा व्हिएतनामजवळचं टोंकिनचं आखात. उड्डाणासाठी विमानं दाटीवाटीने उभी होती, टाक्या भरलेल्या, पंखांखाली बॉम्ब. एका फँटम विमानाचा वीजपुरवठा बाहेरच्या यंत्रावरून विमानाच्या स्वतःच्या जनरेटरवर बदलला जात असताना झुनी जातीचं एक रॉकेट आपोआप सुटलं आणि डेक ओलांडून समोरच्या स्कायहॉक विमानाच्या ४०० गॅलनच्या टाकीत घुसलं. ते स्वतः फुटलं नाही, पण टाकी फोडून गेलं. इंधन डेकवर पसरलं, पेटलं आणि त्या विमानांखालचे हजार पौंडी बॉम्ब आगीत सापडले.

जो माणूस धावताना दिसतो तो चीफ पेटी ऑफिसर जेराल्ड फॅरियर. डेकवरच्या आग विझवणाऱ्या तुकडीचा तो प्रमुख. अंगात आगरोधक कपडे नाहीत, ते चढवायला वेळच नव्हता. हातातल्या सिलिंडरमध्ये पोटॅशियम बायकार्बोनेटची जांभळट पूड. ही पूड ज्वाळा झटकन दाबते, पण काहीही थंड करत नाही. बॉम्ब थंड करायचा तर पाणी किंवा फेस लागतो आणि त्याचे होज, म्हणजे जाड नळ्या, यायला अवकाश होता. म्हणजे त्या सिलिंडरने आग विझणार नाही हे त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्याला एवढंच करायचं होतं की होज पोहोचेपर्यंत आणि शेजारच्या विमानांतले वैमानिक उतरून पळेपर्यंत ज्वाळा त्या एका बॉम्बपासून दूर ठेवायच्या.

किती वेळ? इथे त्याचा हिशेब समजून घे, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. त्याच्या तुकडीला शिकवलेलं होतं की तेव्हाचे नेहमीचे बॉम्ब आगीत दहाएक मिनिटं तग धरतात. पण त्या दिवशी डेकवर होते ते आदल्याच दिवशी दुसऱ्या जहाजावरून घेतलेले जुने, गंजलेले बॉम्ब. त्यांच्यात कंपोझिशन बी नावाचं जुनं स्फोटक होतं, उष्णतेला फार लवकर दाद देणारं. फॅरियर जवळ पोहोचला तेव्हा त्याला बॉम्बचं कवच चिरलेलं आणि लाल झालेलं दिसलं. त्याने आपल्या माणसांना मागे फिरायला सांगितलं. तेवढ्यात तो फुटला. आग लागल्यापासून दीड मिनिटच झालं होतं.

आता सांग, वेडेपणा होता का? दहा मिनिटं हातात आहेत असं समजून एक जाणकार माणूस त्यातली पहिली दोन वापरायला गेला. ज्या माहितीवर तो चालला ती माहिती त्या बॉम्बपुरती चुकीची होती. त्याचं पाऊल बरोबर होतं. मला त्याच्याबद्दल सगळ्यात मोठी वाटते ती शेवटची गोष्ट: चूक लक्षात आली त्या क्षणी त्याने स्वतःची पाठ फिरवायच्या आधी बाकीच्यांना हाक मारली. आगीकडे धावणारे मी आयुष्यात आणखीही पाहिले. धावता धावता समोरचं दृश्य वाचू शकणारे मोजके.

त्या आगीत १३४ माणसं गेली. पहिल्या स्फोटांतच फॅरियरची शिकलेली तुकडी जवळजवळ संपली. मग उरलेल्यांनी होज उचलले. ते स्वयंपाकी होते, कारकून होते, मेकॅनिक होते. त्यांच्या धैर्याला तोड नव्हती. जळत्या विमानांना आणि बॉम्बना ढकलून त्यांनी समुद्रात टाकलं. पण आग कशी विझवायची हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. एका होजवाल्यांनी फेसाचा थर अंथरायचा आणि दुसऱ्यांनी शेजारून समुद्राचं पाणी मारून तो धुऊन टाकायचा, असं झालं. त्या पाण्याबरोबर पेटतं इंधन डेकला पडलेल्या भोकांतून खालच्या मजल्यांवर गेलं, जिथे माणसं होती. खालची आग दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत धुमसत होती. त्यानंतर अमेरिकन नौदलाने ठरवलं की जहाजावरच्या प्रत्येक माणसाला आग विझवता आली पाहिजे. नॉरफोकला त्यांची जी अग्निशमन शाळा आहे, तिला फॅरियरचं नाव आहे. आणि तरीही दीडच वर्षाने, १४ जानेवारी १९६९ला, एंटरप्राइझ जहाजावर इंजिन सुरू करून देणाऱ्या गाडीच्या धुराड्याची गरम हवा एका झुनी रॉकेटवर येत राहिली, ते तापून फुटलं आणि २८ जण गेले. ही स्टार्टरची गाडी कुठे उभी करायची हे ठरवणारा माणूस म्हणजे तू. मेकॅनिक.

आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आलं. उरलेलं अर्धं वेळेच्या हिशेबात आहे. विमानतळावर क्रॅश टेंडरने, म्हणजे विमानांच्या आगीसाठीच्या बंबाने, दोन मिनिटांत पोहोचावं, तीनपेक्षा जास्त लागूच नयेत, असा जगभरचा दंडक आहे. चांगल्या तळावर तो पाळला जातो. पण फॉरेस्टलचा बॉम्ब दीड मिनिटात फुटला होता. टेंडरचा सायरन ऐकू येईपर्यंतचा जो वेळ असतो, तो विमानापाशी उभ्या असलेल्या तीन-चार जणांचा. ते फिटर असतात, शस्त्रांचं ट्रेड असलेले असतात, गाडीचा ड्रायव्हर असतो. आगवाले तिथे अजून आलेलेच नसतात.

मी स्वतः हे एकदाच पाहिलं. नव्वदच्या दशकातला हिवाळा, तळाचं नाव लिहीत नाही. सकाळची पहिली सॉर्टी, म्हणजे पहिलं उड्डाण, विमान मिग-२१. पहिला स्टार्ट फसला. इंजिनात इंधन गेलं, पेटलं नाही. आम्ही त्याला वेट स्टार्ट म्हणतो. अशा वेळी साठलेलं इंधन पूर्ण निथळू द्यायचं, इंजिन नुसतं कोरडं फिरवून आतली वाफ बाहेर काढायची, मगच दुसरा प्रयत्न. त्या दिवशी घाई होती. आम्ही पुरेसं थांबलो नाही, आणि त्या 'आम्ही'मध्ये मी होतो. हे मी कधी लपवलेलं नाही. दुसऱ्या स्टार्टला शेपटीतून वीतभर नव्हे, पुरुषभर लांब ज्वाळ निघाली आणि पोटाखाली निथळलेलं इंधनही पेटलं.

वैमानिकाला मागचं काही दिसत नाही. त्याला कळतं ते समोरच्या माणसाच्या हातांवरून. डावा हात आगीकडे रोखायचा आणि उजवा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पंख्यासारखा हलवायचा, ही आगीची खूण. समोरचा माणूस मी होतो. चार-पाच सेकंद माझे हात उठले नाहीत. खूण मला पाठ होती, रोजची होती, तरी शरीर जागच्या जागी थिजलं. सार्जंटने मागून येऊन खांद्यावर गुद्दा मारला तेव्हा हात हलले. तुला हे मुद्दाम सांगतोय, कारण तुझंही एकदा होईल. ज्यांचं झालं नाही असं सांगतात, त्यांच्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही.

पुढच्या मिनिटभरात प्रत्येकाने काय केलं ते ऐक. वैमानिकाने इंधन बंद केलं आणि इंजिन कोरडं फिरवत ठेवलं. शेपटीतली आग अशीच जाते, आतल्या आत हवेने फुंकून बाहेर. तिथे धावत जाऊन फेस मारायची गरज नसते, उलट त्याने इंजिन निकामी होतं. पण इंजिन फिरवायला वीज लागते आणि ती येत होती शेजारच्या गाडीतून, जाड केबलने. त्या गाडीचा ड्रायव्हर आगीपासून सहा-सात पावलांवर केबिनमध्ये बसून होता. पाय क्लचवर, नजर सार्जंटवर. तो गाडी घेऊन निघून गेला असता तर कुणी त्याला दोष दिला नसता, पण मग इंजिन थांबलं असतं आणि शेपटीतली आग आत सरकली असती. शेपटीतली ज्वाळ संपेपर्यंत तो हलला नाही. केबल काढल्याची खूण मिळाली आणि मगच त्याने गाडी काढली. तो जागेवरून उठलासुद्धा नव्हता, पण मला विचारशील तर त्या सकाळचं सगळ्यात मोठं शौर्य त्या बसून राहण्यात होतं.

पोटाखालची आग मात्र वाढत होती. सार्जंटने वैमानिकाला उतरायची खूण केली. कॅनोपी, म्हणजे डोक्यावरचं काचेचं झाकण, उघडली, पण त्याच्या अंगावरच्या जोडण्यांपैकी एक सुटेना. आमच्यातला एक एलएसी (लीडिंग एअरक्राफ्ट्समन, खालच्या हुद्द्याचा वायुसैनिक) होता, विशीतला, सातारा जिल्ह्यातला. त्याने बाजूला काढून ठेवलेली शिडी परत लावली आणि वर चढला. वर गेल्यावर त्याने वैमानिकाला हात लावला नाही. आधी खिशातून लाल फितीच्या पिना काढल्या आणि इजेक्शन सीटच्या, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीच्या, भोकात घातल्या, म्हणजे ती चुकून सुटणार नाही. मग पट्टे, मग जोडणी, मग माणूस.

हा क्रम नीट लक्षात घे. सीटखाली स्फोटक काडतुसं असतात. घाबरलेल्या माणसाला खेचून काढताना हिसका बसून हँडल ओढलं गेलं तर सीट दोघांनाही घेऊन उडते. जळत्या शिडीवर उभं राहून आधी पिना घालायला तीन-चार सेकंद लागतात आणि त्या सेकंदांत अंगातली प्रत्येक शीर 'ओढ, बाहेर ओढ' म्हणत असते. त्या पोराने त्या शिरांचं ऐकलं नाही. खालून ज्वाळा शिडीला लागत होत्या. त्याचा डावा हात पंजापासून कोपरापर्यंत भाजला. वैमानिकाला साधा चटकासुद्धा लागला नाही.

टेंडर आला, फेस मारला, आग गेली. नोंदीत त्याची वेळ दोन मिनिटांच्या आतली आहे.

तू विचारशील, मग शिकायचं नेमकं काय? पुस्तकात सगळं आहे, बेळगावला सांबऱ्याच्या प्रशिक्षण शाळेपासून ते तुझ्याकडून घोटून घेतील. मी फक्त त्या गोष्टी सांगतो ज्या मला उशिरा उमजल्या. एक म्हणजे हवामान. आपलं विमानाचं इंधन, एटीएफ, केरोसिनच्याच जातीचं आहे. ३८ अंशांच्या पुढे त्याची वाफ ठिणगी पकडू शकते. जहाजांवर मुद्दाम ६० अंशांचं इंधन वापरतात ते यासाठीच. आता ग्वाल्हेरचा मे महिना आठव. सावलीत ४५, टारमॅकवर त्याहून कितीतरी जास्त. जानेवारीत सांडलेलं इंधन आणि मे महिन्यात सांडलेलं इंधन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जानेवारीत ज्या थेंबाकडे तू दुर्लक्ष करशील तोच थेंब उन्हाळ्यात आधीच तयारीत बसलेला असतो. म्हणून इंधन भरताना आधी बाँडिंगची तार (विमान आणि इंधनाची गाडी यांना जोडणारी) जोडायची, मग नळी. स्थिर विजेची एक ठिणगी पुरते.

दुसरी गोष्ट चाकांची. जोरात ब्रेक मारून उतरलेल्या विमानाचं चाक तापून पेटतं, कधी फुटतं. फुटलं की त्याचे तुकडे बाजूला उडतात. म्हणून तापलेल्या चाकाकडे समोरून किंवा मागून जायचं, बाजूने कधीच नाही. आणि त्यावर गार पाण्याची किंवा कार्बन डायऑक्साइडची धार मारायची नाही, तापलेला धातू एकदम आकसून तडकतो. कोरडी पूड वापरायची. तिसरी गोष्ट, वारा पाठीशी घ्यायचा. आणि शस्त्रं लादलेल्या विमानाच्या नाकासमोर कधी उभं राहायचं नाही. बंदूक आणि रॉकेट जिकडे तोंड करून असतात, तिकडेच सुटतात. फॉरेस्टलवर नेमकं हेच झालं.

तिथलं ते रॉकेट सुटलं कसं, हेही सांगितलं पाहिजे. त्या रॉकेटला दोन अडसर होते: एक पिन आणि एक विजेची जोडणी, जी उड्डाणाच्या अगदी शेवटच्या क्षणी करायची असते. वेळ वाचावा म्हणून ती जोडणी आधीच करण्याची पद्धत पडली होती. पिनही जागेवर नव्हती. कुणी दुष्टपणा केला नव्हता. उड्डाणांमागून उड्डाणं चालली होती, माणसं थकलेली होती, थोडी थोडी सूट घेतली जात होती. आमच्या त्या सकाळी आम्हीही तशीच थोडी सूट घेतली होती. त्या एलएसीचा हात भाजला तो आमच्या घाईमुळे. मी हे इतक्या वर्षांनी लिहितोय तरी अजून घशात अडकतं. शौर्याच्या गोष्टी सांगणारे लोक इथवर येऊन थांबतात, मला ते पटत नाही. ज्याच्या धैर्याला आपण सलाम करतो, त्याला त्या आगीत उभं कुणी केलं तेही बघावं लागतं.

आपल्याकडे १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात, तो १९४४ साली मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटाच्या आठवणीत. फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं एकाच पोटात भरली होती. आग लागल्यावर मुंबईचे बंबवाले होज घेऊन जहाजाला भिडून राहिले आणि त्यांच्यापैकी ६६ जण गेले. कापूस आणि दारूगोळा एकत्र भरणारे हात वेगळे होते, मेलेले वेगळे.

आणखी एक नाव तुला ठाऊक असावं असं वाटतं, कारण तुझ्या बॅचमध्ये मुलीही असतील. डॅफ्नी पिअर्सन, इंग्लंडच्या वायुसेनेच्या महिला विभागातली कॉर्पोरल, काम दवाखान्यातलं. ३१ मे १९४०च्या मध्यरात्रीनंतर केंटमधल्या डेटलिंग तळाजवळ एक अॅन्सन विमान कोसळून पेटलं. ती झोपेतून उठून धावली, वैमानिकाचे पट्टे सोडवून त्याला बाहेर काढला. विमानात अजून बॉम्ब आहेत हे कळल्यावर ती त्याच्या अंगावर आडवी पडली आणि स्वतःचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवलं. बॉम्ब फुटला. दोघंही वाचली. तिला पुढे जॉर्ज क्रॉस मिळाला. दवाखान्यातल्या बाईला आगीशी काय देणंघेणं, असं तिथेही कुणी म्हणू शकलं असतं.

आता त्या साताऱ्याच्या पोराचं राहिलं. त्याला प्रशस्तिपत्र मिळालं, विमान काही महिन्यांनी पुन्हा उडालं. हॉस्पिटलमधून त्याने घरी पत्र पाठवलं, ते माझ्याच हाताने, कारण तो डावखुरा होता. "आईला लिहा, मेसमध्ये स्टोव्हचा भडका झाला." मी तसंच लिहिलं. पुढे सुटीवर गेला तेव्हा आईने हात बघितला आणि एवढंच म्हणाली, "स्टोव्ह कोपरापर्यंत कसा चढला रे?" त्याने मग सगळं सांगितलं. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. भाजल्याबद्दल तिचा राग नव्हता, खोटं लिहिल्याबद्दल होता.

म्हणून तुझ्या आईंना मी तसं काही सांगणार नाही. धोका आहे. उडणाऱ्याइतका रोजचा नाही, पण ज्या दिवशी येतो त्या दिवशी तो आधी तुझ्याकडेच येतो. त्यांना अजून काही विचारायचं असेल तर रविवारी सकाळी दोघं थाटीपूरला घरी या. सीटच्या पिना, लाल फितीसकट, कशा आणि कुठल्या क्रमाने घालायच्या ते मी खुर्चीवर बसवून दोघांनाही दाखवतो.